खाडीतल्या गाळण्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या संमेलनात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी चौघींनी आपल्या आवडीच्या विषयावर थोडे थोडे बोलावे, असे ठरले. कुणी दिवाळीच्या फराळाचा विषय घेतला, कुणी मुलांच्या अभ्यासाचा, कुणी भरतकामाचा. मी चिठ्ठीवर लिहून दिले, "पाणी गाळून जगणारे समुद्रातले जीव." चिटणीसबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि हळूच विचारले, "अहो, ही चिठ्ठी तुमचीच ना? का लेकीचा कागद चुकून आला?" त्यांचेही काही चुकले नाही. माझी शाळा सातवीला सुटली. त्यानंतरची सारी विद्या म्हणजे चूल, विळी आणि मुलांच्या दप्तरातली पुस्तके लावून ठेवताना वाचलेली चार पाने. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्याकडून यायचे नाहीत, आणि काही उणे-अधिक झाले तर पोटात घालावे. परंतु विषय मात्र माझाच आहे, आणि तो का, हे मी सांगणार आहे.

आधी या टेबलाकडे पाहा. काचेच्या दोन बरण्या आहेत. लोणच्याच्याच आहेत, स्वच्छ घासून आणल्या आहेत. आज सकाळी दोन्हींत एकाच बादलीतले खाडीचे पाणी भरले. चिखल आधी खाली बसू दिला आणि वरचे हिरवट, गढूळ पाणी तेवढे घेतले. डावीकडच्या बरणीत नुसते पाणी आहे. उजवीकडच्या बरणीत तळाशी दहा-बारा जिवंत तिसऱ्या आहेत. दोन्ही बरण्यांभोवती फडके गुंडाळले आहे. ते मी शेवटी सोडणार आहे. तोवर कुणी डोकावू नये अशी विनंती आहे. पुढे बसलेल्या बालगोपाळांना विशेष.

आता कारण सांगते.

आमच्या आळीत पूर्वी कोळीवाड्यातली एक मावशी तिसऱ्या घेऊन यायची. मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हापासून ती आमच्या दारात यायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांबवर जाते, तेव्हा खाजणाच्या चिखलात उतरून तिसऱ्या वेचायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची आणि दारोदार वाटे लावायचे, असा तिचा क्रम. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवायच्या म्हणजे पोटातली वाळू टाकतात, विळीवर फोडताना पाणी खाली सांडू द्यायचे नाही, एकशिपी करायची तर मांस एका शिंपीत राहील असे फोडायचे, हे मला सासूबाईंच्या आधी तिने शिकवले. वाट्यावर चार तिसऱ्या जास्त टाकल्याशिवाय ती उठायची नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती झाले होते. घरात महिना-दीड महिन्याने मासळी शिजली, ती तिसऱ्यांची. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझ्या धाकट्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत मूल डोळे उघडीना. दवाखान्यात नेले, सलाईन लावले. डॉक्टरांनी विचारले, "काल काय खाल्ले होते?" मी म्हटले, "तिसऱ्या." ते म्हणाले, "कदाचित त्यानेही असेल." भगिनींनो, डॉक्टरांचे ते 'कदाचित' मी दवाखान्यातून घरी येईपर्यंत वाटेतच टाकून दिले. मूल बरे झाले. चार दिवसांनी मावशी दारात आली, पाटी उतरवायला तिने हात वर केला, आणि मी तिला उतरवू दिली नाही. सडका माल विकतेस, लेकराच्या जिवावर उठलीस, असे नको नको ते बोलले. आजूबाजूच्या दारांत बायका उभ्या होत्या. त्यांतल्या काही आज इथे बसल्या आहेत. मावशी एक शब्द बोलली नाही. पाटी तशीच डोक्यावर, ती जिना उतरून गेली. त्या दिवसापासून आमच्या आळीत तिच्याकडून कुणी वाटा घेतला नाही, आणि पुढे तीही यायची थांबली.

मी मनात म्हटले, बरे झाले.

पुढे दोनेक वर्षांनी माझी मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकू लागली. एके दिवशी तिने स्वयंपाकघरात अशाच दोन बरण्या मांडल्या, आणि मला म्हणाली, "आई, तिसरी काय खाते, सांग बघू?" वीस वर्षे मी तिसऱ्या शिजवल्या, तिसरी काय खाते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला हात नाहीत, दात नाहीत, भक्ष्यामागे धावायला पाय नाहीत. चिखलात रुतून बसलेली ती. तिच्या तोंडात घास येतो कुठून?

तर तो पाण्यातून येतो. चिखलात बसल्या बसल्या तिसरी दोन बारीक नळ्या वर काढते. एका नळीतून पाणी आत घेते, दुसरीतून बाहेर सोडते. आत तिचे कल्ले असतात, पातळ पडद्यासारखे. श्वासही त्यांनीच घ्यायचा आणि अन्नही त्यांनीच गाळायचे. कल्ल्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ते सारखे हलत असतात, आणि त्या हलण्याने पाणी आत ओढले जाते. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पती आणि जीव यांना पुस्तकात 'प्लवक' म्हणतात. हे प्लवक कल्ल्यांवरच्या चिकट बुळबुळीत अडकतात. त्यातले खाण्याजोगे तोंडाकडे जाते. नको ते, म्हणजे माती-गाळ, त्याच बुळबुळीत गोळा करून ती बाहेर टाकून देते. तो गोळा जड झाल्यामुळे तळाशी बसतो. आपण धान्य पाखडतो तेव्हा दाणे सुपात राहतात आणि फोल पुढे पडते, तसेच हे. फरक एवढाच की आपले पाखडणे तासाभरात आटोपते, आणि तिचे पाणी असेपर्यंत चालू.

चांगल्या मोठ्या शिंपलीतून तासाला लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी गाळले जाते. खडकाला चिकटलेली कालवे यात फार पुढे आहेत. अमेरिकेतल्या एका जातीचे मोठे कालव, पाणी कोमट आणि परिस्थिती अनुकूल असली तर, दिवसाला जास्तीत जास्त १९० लिटरपर्यंत पाणी गाळते, असे तिकडच्या अभ्यासकांनी मोजले आहे. म्हणजे आपल्या घरातली पाण्याची मोठी टाकी घ्या, आणि ती तळहाताएवढ्या एका जिवाने दिवसभरात गाळून दिली असे समजा. कुणी सांगितले नाही, कुणी पगार दिला नाही.

हे कळल्यावर मला छंदच लागला. मुलीची पुस्तके मी तिच्या आधी वाचू लागले. कळले नाही ते तिला विचारू लागले. तेव्हा लक्षात आले की गाळून जेवणारी ही मंडळी समुद्रात जागोजागी आहेत, आणि त्यांतली काही आपल्या रोजच्या ओळखीची आहेत.

बांगडा घ्या. बांगड्याचे डोके काढताना कल्ला उघडून पाहा. लाल कल्ल्याच्या आतल्या बाजूला पांढरट, पिसासारखी झालर दिसेल. आजवर आपण ती घाण म्हणून ओढून टाकत आलो. ती त्याची गाळणी आहे. बांगडा पोहता पोहता पाणी तोंडात घेतो, ते कल्ल्यांवाटे बाहेर जाते, आणि प्लवक त्या झालरीत अडकतात. तारलीचेही तसेच. थव्याथव्याने फिरणारे हे मासे पाण्यातले बारीक अन्न गोळा करतात, आणि मग सुरमईसारखे मोठे मासे त्यांना खातात. डोळ्यांना न दिसणारे अन्न मोठ्या माशांच्या आणि शेवटी आपल्या ताटापर्यंत पोहोचवणारी साखळी अशी आहे. मधली कडी गाळणाऱ्यांची.

आता पक्ष्यांत पाहा. हिवाळा लागला की ठाण्याच्या खाडीत, उरणच्या पाणथळीत आणि आपल्या पनवेलच्या खाडीच्या अंगाला गुलाबी रोहित पक्षी उतरतात. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतात, मुले फ्लेमिंगो म्हणतात. त्यांची चोच मधेच वाकलेली का असते, ठाऊक आहे? तो पक्षी मान खाली घालून चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेचा दट्ट्यासारखा उपयोग करून पाणी आत-बाहेर करतो, आणि चोचीच्या आतल्या कंगव्यासारख्या दात्यांत शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगसुद्धा त्या अन्नातूनच येतो. काही वर्षी ठाण्याच्या खाडीत या पक्ष्यांची संख्या लाखावर गेली आहे. २०१५ साली तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२२ साली ती जागा जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. आपल्या शेजारच्या चिखलाला जगात एवढा मान आहे, आणि आपण त्या बाजूने जाताना नाकाला पदर लावतो!

आणि सर्वांत मोठी गाळणी कुणाची, तर निळ्या देवमाशाची. पृथ्वीवर त्याच्याहून मोठा प्राणी नाही. त्याला दात नसतात. वरच्या जबड्यातून झालरीसारखे पट्टे लोंबत असतात. तोंडभर पाणी घ्यायचे, जिभेने ते झालरीतून बाहेर ढकलायचे, आणि आत अडकलेले आपल्या जवळ्यासारखे बारीक जीव गिळायचे. एवढ्या अवाढव्य प्राण्याचे पोट एवढ्याशा जिवांवर भरते. २०१५ च्या जून महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, सुमारे ४२ फूट लांबीचा देवमासा वाहून आला होता. लोकांनी त्याला वाचवण्याचा प्रयत्न केला, पण तो वाचला नाही. तेव्हा मी ती बातमी वाचून "अरेरे" म्हटले आणि पान उलटले. तो आणि माझ्या टोपातली तिसरी एकाच पद्धतीने जेवतात, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या बायकांची आहे. गुजरातच्या, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क नावाचा प्रचंड मासा येतो. जगातला सर्वांत मोठा मासा तो, पण गरीब. तोंड उघडून पाणी गाळत फिरणारा. त्याच्या तेलासाठी आणि मांसासाठी तिकडे त्याची फार शिकार होत असे. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण नुसत्या कायद्याने लोकांचे मन कुठे वळते? २००४ साली तिकडे मोहीम सुरू झाली, आणि कथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना समजावले की, ही आपल्या किनाऱ्याला आलेली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला कुणी मारते का? भगिनींनो, त्या शब्दांनी काम केले. ज्यांनी तिला मारले असते त्यांनीच आपली महागामोलाची जाळी कापून शेकडो मासे सोडून दिले. महाराष्ट्रातही २०१८ पासून, संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापले तर मच्छीमाराला सरकारकडून भरपाई मिळण्याची सोय झाली आहे. माहेरवाशिणीचा मान म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता कुणी म्हणेल, "बाई, माहिती छान, पण गाळणाऱ्यांनी गाळले नाही तर आमचे काय बिघडते?" बिघडते ते असे. खाडीचे पाणी गढूळ राहिले तर ऊन तळापर्यंत पोहोचत नाही. पाण्यातले शेवाळ कुणी खाल्ले नाही तर ते बेसुमार वाढते, मरते, कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मग कोळंबी, मासे गुदमरतात. उलट, शिंपल्या असल्या की वरचे अन्न खाली तळाशी येते, त्यावर किडे जगतात, किड्यांवर चिंबोरी, निवटी आणि पक्षी. कालवांच्या खडबडीत थरांत माशांची पिले लपतात, लाटांचा मारही कमी होतो. मेल्यावरसुद्धा त्यांचे कवच वाया जात नाही. त्यावर नवी कालवे येऊन बसतात, आणि शिंपल्यांच्या चुन्यावर आपल्याकडे जुनी घरे उभी राहिली.

याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. चहाच्या गाळणीत चोथा राहतो. तसेच, जो पाणी गाळतो त्याच्याजवळ पाण्यातली घाणही राहते. खाडीत सांडपाणी आले की त्यातले रोगजंतू शिंपलीत गोळा होतात. कारखान्यांच्या पाण्यातले शिसे, पारा यांसारखे धातू तिच्या मांसात साठतात. ते मिठाच्या पाण्यात ठेवून निघत नाहीत, शिजवूनही जात नाहीत. कधी कधी विषारी प्लवक वाढतात, आणि त्यांचे विष शिंपलीत उतरते. १९९७ साली केरळात विळिंजमजवळ अशा शिंपल्या खाऊन सात माणसे दगावली. शिंपल्यांना काही झाले नव्हते. दिसायला त्या ताज्याच होत्या. आणि आता तर प्लास्टिकचे बारीक तंतूही त्यांच्या पोटात सापडतात. ते कुठून येतात? पुष्कळसे आपल्या धुण्यातून. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या, मुलांचे कपडे धुताना सुटणारे तंतू मोरीतून गटारात, गटारातून खाडीत जातात.

आपली गाढी नदीच पाहा. माथेरानच्या डोंगरातून ती स्वच्छ येते. देहरंगच्या धरणात अडते, आणि तिथून त्यातले पाणी शहराच्या नळांना येते. त्या पाण्याने आपण देव धुतो, भांडी घासतो, लेकरांना न्हाऊ घालतो. मग तेच पाणी साबण, तेल, खरकटे आणि आणखी काय काय घेऊन पुन्हा खाडीला मिळते. गाढी घरात येते ती माहेरवाशिणीसारखी, आणि आपण तिची पाठवणी करतो ती अशी! खाडीच्या तोंडाशी चिखलात बसलेली तिसरी ते सारे पाणी आपल्या अंगातून गाळते. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, २०२५ साली पलीकडे विमानतळ सुरू झाला. शहर मोठे झाले याचा मलाही आनंद आहे, माझा मुलगा तिकडेच नोकरीसाठी धडपडतो आहे. परंतु शहर मोठे झाले तसे सांडपाणीही मोठे झाले, आणि गाळणारे मात्र कमी झाले.

हे सारे कळले त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी कोळीवाड्यात गेले. मावशीचे घर मला ठाऊक नव्हते. वीस वर्षे ती माझ्या दारात आली, मी तिच्या दारात एकदाही गेले नव्हते. विचारत विचारत गेले. ती ओट्यावर बसून जाळे सांधत होती. मला पाहून उठली, पाट दिला, पाणी दिले. मी रडतच सगळे सांगितले. म्हटले, मावशी, माझे चुकले, माल तुझा वाईट नव्हता.

ती म्हणाली, "माल चांगलाच होता गो बाय. पाणी नासलं. त्या दिवशी माझी नातपण आजारीच होती. तिनं पण त्याच तिसऱ्या खाल्ल्या होत्या. आता मी कोणाच्या दारात जाऊन भांडू?"

भगिनींनो, या वाक्यानंतर मला तिथे बोलायला काही उरले नाही. माझ्या मुलाला सलाईन लागले तेव्हा मला भांडायला एक दार तरी सापडले. तिला तेही नव्हते. आणि खरे पाहता, ज्या दारांतून ते पाणी खाडीत येत होते त्यांत माझेही दार होते.

मावशीने तिसऱ्या वेचणे आता सोडले आहे. चिखलात उतरले की पायांना खाज सुटते, आणि तासन्‌तास शोधूनही पाटी भरत नाही, असे ती म्हणते. आता ती बाहेरून आलेली मासळी विकत घेऊन बाजारात बसते. ती जे जन्मभर करत आली ते काम तिच्या सुनेला शिकायला मिळाले नाही. हे नुकसान कुठल्या वहीत लिहायचे?

पण मी आज रडगाणे गायला उभी राहिलेली नाही. गेलेले परत येते, याचीही उदाहरणे आहेत. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचे मोठे सरोवर आहे. तिथल्या तिसऱ्यांना परदेशात मागणी आली, आणि लोकांनी एवढ्या काढल्या की १९९० नंतर त्या कमी होऊ लागल्या. तेव्हा शास्त्रज्ञ आणि मच्छीमार एकत्र बसले. १९९३ पासून डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यांच्या विणीच्या दिवसांत, काढणी बंद. जाळ्याची भोके मोठी. लहान तिसऱ्या परत पाण्यात. त्यांनी नेम पाळला आणि तिसऱ्या टिकल्या. २०१४ साली त्या मासेमारीला, समुद्राची काळजी घेऊन चालणारी मासेमारी म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिले. आपल्या सिंधुदुर्गातही बचत गटांच्या बायकांनी खाडीत कालवे पाळण्याचे प्रयोग केले आहेत.

अमेरिकेत मात्र उलटे घडले. तिकडे चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे. पूर्वी तिथली कालवे सगळ्या उपसागराचे पाणी आठवडाभराच्या आत गाळून काढत असत, असा अंदाज आहे. माणसांनी ती अतोनात उपसली, घाण आणि रोग यांनी उरलेली मारली. नंतर उरलेल्या कालवांना तेच काम करायला वर्षभर लागेल, असा हिशेब निघाला. आता ते लोक खर्च करून, शिंपले टाकून, कालवे पुन्हा वसवीत आहेत. घरची सून घालवायची आणि मग मोलकरणीला पगार मोजायचा, त्यातलाच प्रकार.

मग आपण काय करायचे? महानगरपालिकेचे काम महानगरपालिकेने करावे. सांडपाणी शुद्ध झाल्यावाचून खाडीत जाऊ नये, यासाठी मंडळाच्या नावाने एक अर्ज द्यावा आणि त्याचा पाठपुरावा करावा, अशी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे. अर्ज लिहिणारी शिकलेली भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. सही मी पहिली करीन. पण आपल्या मोरीपुरते तरी आपल्या हातात आहे. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. साबणाचा चुरा मूठभर टाकायची सवय मोडावी, चमच्याने घालावा. कपडे तेवढेच निघतात, मी करून पाहिले आहे. निर्माल्य आणि पिशव्या पुलावरून खाली टाकू नयेत. बाजारात तिसऱ्या घेताना कुठल्या पाण्यातल्या, ते विचारावे. उघडी राहिलेली तिसरी टिचकी मारूनही मिटत नसेल तर ती मेलेली, घेऊ नये. अगदी बारीक तिसऱ्यांचा वाटा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यांना वाढू द्यावे. आणि विकणारीवर तोंड टाकण्याआधी एकदा आपल्या मोरीकडे पाहावे.

आता फडके सोडते. ...

पाहा. डावीकडची बरणी सकाळी होती तशीच हिरवट आहे. उजवीकडची उचलून धरते. मागच्या रांगेतल्या भगिनींना पलीकडची समईची ज्योत दिसते का? दिसते ना? सकाळपासून आपण रांगोळ्या काढल्या, फराळ केला, गाणी बसवली, आणि या दहा-बारा तिसऱ्या मुकाट्याने आपले काम करत होत्या.

या तिसऱ्या मावशीनेच आणून दिल्या. माझ्यासाठी म्हणून ती पुष्कळ दिवसांनी, पार खाडीच्या मुखाकडे जाऊन ओहोटीला उतरली. पैसे घेतले नाहीत. आजच्या कार्यक्रमाला तिला बोलावले होते, परंतु संध्याकाळचा बाजार सोडून येणे तिला परवडत नाही. म्हणून तिच्या माघारी, पण ज्या शेजारणींसमोर मी तिला बोलले त्यांच्याचसमोर, मी आज तिची माफी मागते. उद्यापासून ती आमच्या आळीत येणार आहे. तिसऱ्या नसतील, मासळी असेल. दार उघडावे, एवढेच मागणे.

या बरणीतल्या तिसऱ्यांचे कालवण होणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवते. उद्या पहाटेच्या ओहोटीला मावशी आणि मी जाऊन त्या जिथून आणल्या तिथेच सोडून येणार आहोत. कुणाला यायचे असेल तर जुनी साडी नेसून यावे.